जत्रेचे पैसे

"मला काय नको गं. आज सोमवार न्हवं का, माझा उपास हाय," असं म्हणून आईने फोनच्या पडद्यावरून नजर काढली आणि ती समोरच्या सिंड्रेलाच्या किल्ल्याकडे बघत राहिली. अमेरिकेतल्या ऑर्लँडोचं मॅजिक किंगडम, डिस्नेचा थीम पार्क, डिसेंबरातली दुपार, दीड वाजून गेलेला. घरातून आम्ही उजाडायच्या आत निघालो होतो. पोरांना चिकन नगेट्स हवे होते, आप्पांना बटाट्याचं काहीतरी, आणि नवरा मोबाइलवर ऑर्डर भरता भरता फोन आईपुढे धरून विचारत होता, "आई, तुम्हाला काय सांगू?" पडद्यावर प्रत्येक पदार्थाचा फोटो असतो आणि फोटोखाली किंमत. आईने फोटो बघितले नाहीत, ती खालचे आकडे वाचत होती. आप्पा डॉलरचे रुपये करताना ओठ हलवतात, त्यामुळे त्यांचा हिशेब आम्हाला ऐकू येतो. आई मनातल्या मनात ऐंशीने गुणते आणि उत्तर कुणाला सांगत नाही.

आईने सोमवार सोडून बरीच वर्षं झाली आहेत. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि तिने रीतसर उद्यापन केलं होतं. पंगतीला वाढायला मीच होते. तिला ते आठवत होतं आणि मलाही आठवत होतं. तरी तिथे, रांगेच्या कडेला, ढोल-ताशासारख्या वाजणाऱ्या बँडच्या गोंगाटात, मी तिला काही बोलले नाही. पोरांसमोर आईला खोटं पाडणं मला जमलं नसतं. नगेट्स आले, फ्राइज आले, आप्पांचा बटाटा आला. दहा मिनिटांनी धाकटीने अर्धे फ्राइज टाकून दिले आणि आईने तो कागदी ट्रे आपल्या मांडीवर ओढून घेतला. "टाकायचं कशाला, येवढं महागाचं," म्हणाली आणि थंड झालेले, मीठ तळाशी साचलेले फ्राइज एकेक करून खायला लागली. उपास तिथे मोडला की नाही हे तिला कुणी विचारलं नाही.

त्या ट्रेमधले फ्राइज मला अजून दिसतात.

थीम पार्कच्या सहलीत खाण्याचं बजेट ही काय चीज असते हे इकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको. तिकिटं, पार्किंग, राहायची जागा हे सगळं आधीच ठरतं, कार्डातून जातं, विसरलंही जातं. खाणं मात्र दर दोन तासांनी नव्याने समोर उभं राहतं. त्यात आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेहून गाडीने जाणारे. आय-९५ महामार्गावरून दिवसभर खाली उतरायचं, ऑर्लँडोशेजारच्या किसिमीत स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्यायचं आणि डिकीत राइस कुकर, तांदूळ, कुळथाचं पीठ, आईने सांगलीहून आणलेलं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. मी एक्सेलमध्ये सगळं मांडलं होतं. सकाळचं घरी, पोहे नाहीतर अंडी. दुपारचं एक जेवण पार्कात विकत. मधलं खाणं पिशवीतलं. रात्री घरी येऊन वरणभात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांसाठी जेवणाची आगाऊ योजना असते, २०२० मध्ये बंद पडलेली ती २०२४ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाली, पण आम्ही बाहेर राहणारे, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. शिवाय डिस्नेच्या लेखी मूल दहा वर्षांचं झालं की ते मोठं माणूस. आमचा थोरला नुकताच दहाचा झालेला. त्याचं तिकीट मोठ्यांचं, बुफेला बसला तर ताटही मोठ्यांचं, आणि पोटात जाणार ते दोन घास मॅकरोनी आणि एक आइसक्रीम. त्यामुळे टेबलावर मिकी येऊन भेटतो ती जेवणं मी यादीतून कधीच काढून टाकली होती, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मिकी बाहेर रस्त्यावरही भेटतो.

डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत आपलं खाणं आत नेऊ देतात. काचेची बाटली नको, दारू नको, सुटा बर्फ नको, असल्या काही अटी सोडल्या तर दशम्या न्या, धपाटे न्या, सहसा कुणी अडवत नाही. सुरक्षेच्या टेबलावर आमची पिशवी उघडली तेव्हा स्टीलचा डबा बघून तिथल्या बाईंनी झाकण काढायला सांगितलं. चटणीचा लसणाचा वास भसकन बाहेर आला, त्या हसल्या, म्हणाल्या छान वास आहे, आणि डबा परत दिला. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मला वाटतं, त्या दिवसातला तिचा सगळ्यात निवांत क्षण तो होता. डबा आत गेला म्हणजे आपण कुणाच्या दयेवर नाही, असा तिचा हिशेब.

हा डबा आत जाणं सगळीकडे इतकं साधं नाही. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये घरचं जेवण आत नेता येत नाही. दाराबाहेर एक जागा राखून ठेवली आहे, तिथे बसून खा आणि मग आत जा. शांघायचं डिस्नेलँड २०१६ मध्ये उघडलं, तिथेही काही काळ बाहेरचं खाणं बंद होतं. २०१९ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीने जवळचा खाऊ दारात टाकून द्यावा लागला म्हणून त्यांच्यावर दावा लावला. तिच्या पिशवीत पन्नास युआनच्या (चिनी चलन) आतबाहेरचा खाऊ होता. त्याच वर्षी तडजोड झाली, तिला ५० युआन मिळाले, आणि पार्कने नियम बदलला. आता गरम करायला न लागणारं, उग्र वास नसलेलं खाणं आत नेता येतं. उग्र वासाची अट बघता आमची लसणाची चटणी तिथे आत गेली असती का, देव जाणे. पण पन्नास युआनच्या खाऊसाठी कोर्टात उभ्या राहिलेल्या त्या मुलीबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. लहान रकमेचा अपमान लहान नसतो हे तिला कळलं होतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सिनेमागृहांबाबत निकाल दिला. बाहेरचं खाणं रोखायचा मालकाला हक्क आहे, पण प्यायचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या मुलाचं खाणं आईबापांना आत नेऊ द्यायला हवं. तान्ह्यापर्यंत माणुसकी पोचली हे चांगलंच झालं. सत्तरीच्या माणसाच्या पथ्याचा डबा अजून दाराबाहेरच आहे.

पाण्यावरून एक आठवलं. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं, तेव्हा प्लंबरांच्या संपामुळे पाण्याचे नळ किंवा संडास यांतलं एकच काम वेळेत होणार होतं. वॉल्ट डिस्नेंनी संडास निवडले. भर उन्हात हजारो माणसं, बरेचसे नळ कोरडे, आणि लोकांनी लगेच तर्क केला की पेप्सी खपावी म्हणून ही युक्ती. त्या तर्कात तथ्य नव्हतं, पण तो सुचावा यात मला नवल वाटत नाही. आत एकदा कोंडलं गेल्यावर तहानेचा भाव दुसऱ्या कुणाच्या हातात आहे, ही जाणीव माणसाला आत पाऊल टाकल्या टाकल्या होते. आज ऑर्लँडोच्या डिस्ने पार्कांत खाण्यापिण्याच्या बहुतेक खिडक्यांवर जाऊन मागितलं तर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मिळतो. हे आईला कळलं त्या क्षणापासून पाण्याची सगळी जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली. इंग्रजी जेमतेम, पण "आइस वॉटर, सिक्स" इतकं ती ठणकावून सांगायची आणि दोन्ही हातांत ग्लासांचा मनोरा धरून गर्दीतून यायची. त्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो, पण तिने आणलेलं म्हणून आम्ही सगळे प्यायचो.

लहानपणी मी एकच मोठा पार्क बघितला, एस्सेलवर्ल्ड. आत्या बोरिवलीला राहायची. सांगलीहून रात्रभर एसटीने मुंबई, आत्याकडे एक दिवस, आणि दुसऱ्या दिवशी गोराई खाडीवरून बोट. खाडीचा चिखल, सुकत घातलेल्या मासळीचा वास, डिझेलचा धूर, आणि लांबून दिसणारं ते चक्र. तिथे धक्क्यावर, बोटीत चढायच्या आधी, आईने डबा उघडला. पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. सकाळचे दहाही वाजले नव्हते, कुणालाच भूक नव्हती, पण "आत्ताच खाऊन घ्या, आत काय मिळंल न मिळंल" म्हणत तिने आम्हा भावंडांना कोंबून खायला घातलं. आत गेल्यावर दुपारी तीनला पुन्हा भूक लागली. आप्पांनी पाकीट काढलं, नोटा बघितल्या, आणि दोन प्लेट पावभाजी आणली. चौघांत पाव मोजून. आई म्हणाली, "मला नको, माझं पोट भरलंय सकाळच्यानं." सकाळी ती आम्हाला वाढत होती, तिने स्वतः एक पुरी तरी खाल्ली होती का, हे मला आठवत नाही. पावभाजीवरचा लोण्याचा गोळा आणि तव्याचा तो खरपूस वास मात्र लख्ख आठवतो. ते एस्सेलवर्ल्डही २०२२ मध्ये बंद झालं.

सकाळच्यानं पोट भरलंय. मला गोड चालत नाही. आत्ता खाल्लं तर ॲसिडिटी होते. चहा घेतलाय मी. आज उपास आहे.

आपल्या घराघरांतली बजेटं या वाक्यांवर जुळत आली आहेत. माझी एक्सेलची पाटी असो की आप्पांचं पाकीट, रकमेत आणि गरजेत जो फरक पडायचा तो कुणातरी एकाच्या पोटातून भरून निघायचा, आणि ते पोट कुणाचं हे कधी ठरवावं लागलं नाही. बायकांच्या त्यागाच्या गोष्टी सांगून हळहळण्यात मला रस नाही. मला राग येतो. सहल सगळ्यांची असते, बघणं सगळ्यांचं असतं, तर जिभेचा वाटा एकीचाच का गळावा? आणि हे गरिबीशी बांधलेलंही नाही. त्या सोमवारी आमच्याकडे पैसे होते. पाच माणसांचं जेवण घेतलं तसं सहाव्याचंही घेता आलं असतं, नवरा तर ऑर्डर भरूनच मोकळा होणार होता. पैसे असूनही ती सवयीने बाजूला झाली. पैसे वाढले म्हणून ही सवय आपोआप जात नाही, हे मला त्या दुपारी दिसलं.

गंमत अशी, की अमेरिकेतल्या एका जुन्या पार्कची सुरुवातच एका बाईच्या स्वयंपाकघरातून झाली. अनाहाइमच्या शेजारी ब्युएना पार्कला नॉट्स बेरी फार्म आहे. मंदीच्या दिवसांत, १९३४ मध्ये, कॉर्डेलिया नॉट यांनी स्वतःच्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढायला सुरुवात केली, एका ताटाला ६५ सेंट. पुढे रांगा एवढ्या वाढल्या की ताटकळणाऱ्यांचं मन रमावं म्हणून त्यांचे पती वॉल्टर यांनी १९४० पासून तिथे सोन्याच्या खाणींच्या काळातल्या गावाचा देखावा उभारायला घेतला. १९६८ पर्यंत आत जायला तिकीटही नव्हतं. म्हणजे तिथे जेवण आधी आलं आणि पाळणे मागून. लग्नातली ताटं गिऱ्हाइकांसाठी बाहेर काढणारी ती बाई मला अगदी ओळखीची वाटते. रात्री सगळे गेल्यावर ती काय जेवत असेल, असं वाटून जातं.

त्या रात्री किसिमीत पोरं झोपल्यावर मी एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यांत दिवस, आडव्यांत नाश्ता, जेवण, मधलं खाणं. मला एकदम आमच्या गावची जत्रा आठवली. जत्रेच्या आदल्या दिवशी घरात येणारा प्रत्येक मोठा माणूस पोरांच्या हातावर पैसे ठेवायचा. काका, मामा, शेजारचे, कुणीही. "घे, जत्रंला." दोन रुपये, पाच रुपये, पण ते आपले. त्यातून कुणी भेंड-बत्तासे घेतले, कुणी गुडीशेव घेतली, कुणी रंगीत बर्फाचा गोळा खाल्ला, कुणी सगळे पैसे पाळण्यात घालवून भुकेलं परत आलं, कुणाला कुणी जाब विचारला नाही. जत्रेच्या पैशांचा हिशेब मागायचा नाही, हा नियमच होता. आणि आणखी एक होतं, ते पैसे दुसऱ्याला द्यायची मुभा नव्हती. मी एकदा माझे भावाला दिले तर मामाने ते त्याच्याकडून परत घेऊन माझ्या मुठीत ठेवले होते. आईला जत्रेचे पैसे कुणी दिलेले मी बघितले नाहीत. ती तर जत्रेच्या दिवशी चुलीपुढेच असायची, पाहुण्यांच्या पोळ्या लाटत.

मी रकाने पुसले आणि दिवसांऐवजी माणसांची नावं घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्नेची गिफ्ट कार्डं घेतली. ती पार्कातल्या बहुतेक सगळ्या खाण्याच्या खिडक्यांवर चालतात. सहा कार्डं, सगळ्यांवर सारखी रक्कम, धाकटीलाही तेवढीच आणि आप्पांनाही तेवढीच. एकूण आकडा माझ्या आधीच्या बजेटएवढाच होता, एक डॉलर जास्त नाही. डबा तसाच, नाश्ता घरीच, पाणी आईच्या हातचं. फक्त विकतच्या खाण्याचे पैसे आता ज्याचे त्याच्या खिशात. आईच्या हातात कार्ड दिलं आणि म्हटलं, "हे तुझे जत्रेचे पैसे. पोरांना द्यायचे नाहीत, परत आणायचे नाहीत." तिने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. मिकीचं चित्र होतं त्यावर. मग पदराच्या सवयीने हात कमरेकडे गेला, पण अंगात स्वेटर होता, म्हणून ते स्वेटरच्या खिशात गेलं. "मला काय करायचंय गं खाऊन," ती म्हणालीच. मी म्हटलं, "काय करायचं ते कर. मामाचा नियम."

तो दिवस एपकॉटचा, डिस्नेच्याच ऑर्लँडोतल्या दुसऱ्या पार्कचा होता. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. भारताचं दालन नाही, आप्पांना ते फार लागलं आणि त्यांनी त्यावर बराच वेळ भाषण दिलं. पोरांनी सकाळी अकराच्या आत आपली कार्डं अर्धी संपवली. थोरल्याने मीठ लावलेला मिकीच्या तोंडाचा प्रेट्झेल घेतला आणि त्याचे कान तेवढे खाऊन उरलेला मला द्यायला आला. मी घेतला नाही, त्याला म्हटलं पिशवीत ठेव, भुकेला खा. दुपारी साडेतीनला त्याने तो खाल्लाही. आप्पांनी जर्मनीत बटाटा गाठला. आई सगळ्या खिडक्यांसमोर थांबत होती, आकडे वाचत होती, पुढे जात होती. दोनदा तिचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. मला वाटलं, संध्याकाळी कार्ड तसंच परत येणार. नॉर्वेच्या दालनात एक बेकरी आहे. तिथून बाहेर येणाऱ्या एका बाईच्या हातात गोल पाव होता, वर पांढरा साखरेचा पाक आणि त्यावर भाजलेलं खोबरं. आई तिथे थबकली. वास घेतला. "वेलदोडा हाय ह्याच्यात," म्हणाली. मी काही बोलले नाही. ती रांगेत उभी राहिली, एकटीच, मला हाताने खूण करून मागे थांबवलं. काउंटरवर बोट दाखवून तिने तो पाव मागितला, कार्ड पुढे केलं, पावती नीट घडी घालून ठेवली.

बाहेर कट्ट्यावर बसून तिने तो खाल्ला. पावाच्या मधोमध पिवळं कस्टर्ड असतं, ते बोटाला लागलं की ती बोट चाटत होती. धाकटी पळत आली, "आज्जी, मला?" आईचा हात पुढे झाला, मग ती माझ्याकडे बघून थांबली. "तुझ्या कार्डातनं घे की," ती नातीला म्हणाली. धाकटीने ओठ काढले आणि मग खरोखरच जाऊन स्वतःसाठी एक घेऊन आली, आणि दोघी शेजारी शेजारी बसून खात राहिल्या.

त्या रात्री तिने सांगलीला मावशीला फोन लावला, स्पीकरवर. किल्ल्याबद्दल दोन वाक्यं, आतषबाजीबद्दल एक. मग पावाबद्दल सुरू झाली. वेलदोडा किती असेल, खोबरं किसून भाजलंय की भाजून किसलंय, मधलं पिवळं अंड्याचं होतं पण वास येत नव्हता. मावशीने विचारलं, केवढ्याला पडला? आईने आकडा सांगितला, रुपयांत. पलीकडून मावशी ओरडली, "आगं बाई! एका पावाला? कितीजणांत खाल्ला?"

"कितीजणांत म्हंजे? मी खाल्ला," आई म्हणाली. "उद्या त्या तिकडं अननसाचं आइसक्रीम हाय म्हणत्यात, ते बघणार हाय."